स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



मेळाव्याच्या चिटणीसांनी मला 'जीवनातील ध्येय' हा विषय नेमून दिला. हा विषय आपण सर्वांनीच निबंधाच्या वहीत केव्हा ना केव्हा लिहिलेला आहे. 'मी डॉक्टर होणार आणि गोरगरिबांची मोफत सेवा करणार' या वाक्याने तो सुरू होतो आणि वीसेक ओळींत संपतो. गेली बारा वर्षे मी असे निबंध तपासत आलो आहे. ते सगळे खरे झाले असते तर आपल्या तालुक्यात आज पेशंटपेक्षा डॉक्टर अधिक झाले असते! तेव्हा चिटणीसांची क्षमा मागून मी आज 'ध्येय' हा भारदस्त शब्द जरा बाजूला ठेवतो आणि 'यादी' या साध्या शब्दाविषयी बोलतो. किराणा दुकानात जाताना आई आपल्या हातात देते तशी यादी. तिच्यात साखरही असते आणि काड्यापेटीही असते, आणि जे आणले त्याच्यावर परत येताना खूण करता येते.

जॉन गोडार्ड नावाचा एक अमेरिकन मुलगा होता. जन्म १९२४ चा. १९४० साली, म्हणजे पंधरा वर्षांचा असताना, आपल्या नववी-दहावीतल्या मुलाएवढ्या वयात, लॉस एंजेलिस येथील घरी बसून त्याने एका पिवळ्या कागदाच्या वहीवर 'माझ्या आयुष्याची यादी' असे शीर्षक घातले आणि खाली एकशे सत्तावीस गोष्टी लिहून काढल्या. त्याच्या आसपासची मोठी माणसे सारखी हळहळत असत, की तरुणपणी अमुक केले असते तर, तमुक केले असते तर बरे झाले असते. ते ऐकून ऐकून त्याने ठरवले, की आपल्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. एवढेच निमित्त.

आता त्या यादीत काय होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण गंमत तपशिलातच आहे. पहिल्याच क्रमांकावर नाईल नदी. ती उगमापासून मुखापर्यंत पाहायची. मग ॲमेझॉन, काँगो, कोलोरॅडो, चीनमधली यांगत्से. मग पर्वत : एव्हरेस्ट, किलिमांजारो, अरारात, फुजी, मॅटरहॉर्न. पुढे विमान चालवायला शिकणे, पॅराशूटने उडी मारणे, पाणबुडीतून खाली जाणे. हत्ती, उंट आणि शहामृग या तिन्हींवर बसणे. बासरी आणि व्हायोलिन वाजवणे. विषारी सापाचे विष काढणे. फ्रेंच, स्पॅनिश आणि अरबी या भाषा शिकणे. होय, अरबी! ताजमहाल पाहणे. बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे सगळे खंड वाचणे. स्वतःच्या हाताने दुर्बीण तयार करणे. एक मैल पाच मिनिटांत धावणे. मिनिटाला पन्नास शब्द टाईप करणे. लग्न करणे व मुलेबाळे होणे. चंद्रावर जाणे. आणि एकविसावे शतक पाहण्याइतके जगणे.

यातील टायपिंगकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे असे मी सुचवीन. जो मुलगा एव्हरेस्ट लिहितो तोच मुलगा त्याच कागदावर टायपिंगही लिहितो. आपल्याकडे हे दोन वेगळे माणूस असतात. एक स्वप्न पाहणारा आणि दुसरा टायपिंग क्लासला जाणारा, आणि दोघांची ओळखसुद्धा नसते. गोडार्डने डोंगर चढायचे वर्ष येईपर्यंत वाट पाहिली नाही; धावणे, पोहणे, टायपिंग, वाचन ही कामे आज सकाळपासून सुरू करता येण्यासारखी होती. मोठ्या कलमांना लागणारी सवय त्याच्या अंगी या लहान कलमांनी बाणवली असली पाहिजे असे मला वाटते.

१९५० साली, यादी लिहून दहा वर्षे झाल्यावर, तो दोन फ्रेंच सोबत्यांबरोबर नाईलवर निघाला. प्रत्येकाची एकेक लहानशी वल्ह्याची होडी, ज्यांना ते लोक कयाक म्हणतात. मध्य आफ्रिकेतील उगमाकडच्या प्रवाहापासून भूमध्य समुद्रापर्यंत, सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, १९५१ मध्ये पुरे केले. पाणघोडे, मगरी, धबधबे, वाळूची वादळे, आजारपण सगळे वाट्याला आले. पुढे त्यावर त्याने पुस्तक लिहिले. पुस्तक लिहिणे हेही यादीतलेच एक कलम होते. १९७२ साली 'लाईफ' या अमेरिकन साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि एकशे सत्तावीसपैकी एकशे तीन गोष्टी पुऱ्या झाल्या होत्या. २०१३ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन तो वारला. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या कलमावरही खूण झाली. एव्हरेस्टवर झाली नाही, चंद्रावर झाली नाही. चंद्राच्या कलमापुढे त्याने देवाची इच्छा असेल तर कधीतरी, अशा अर्थाची टीप ठेवली होती. आपण त्याला इन्शाअल्ला म्हणतो.

टारझनच्या सिनेमात काम करणे असेही एक कलम त्या यादीत होते. मोठेपणी त्याने ते पोरवयातले वेड म्हणून सोडून दिले. ब्रिटानिकाचे सगळे खंड संपूर्ण वाचून झाले नाहीत, तरी प्रत्येक खंडातला बराच भाग त्याने वाचला आणि तसे नोंदवले. हिशोब असा चोख ठेवला.

त्या यादीतील आणखी एक कलम वाचून मी थबकलो. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून जाणे! आपल्या खाडीकाठच्या गावांतून कितीतरी घरांतले आजोबा, पणजोबा मुंबईला जाऊन बोटीवर चढले. कोणी इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढला, कोणी भंडाऱ्यात भांडी घासली. त्यांना ते कोणी स्वप्न म्हणून विचारले नव्हते. घरात भात शिजत नव्हता म्हणून ते गेले. जगाची बंदरे त्यांनीही पाहिली. पण घरी परतल्यावर त्यांना कोणी 'लाईफ' साप्ताहिकातून भेटायला आले नाही. गोडार्डची तारीफ करताना मी हे विसरू शकत नाही. यादी करायला पोट भरलेले असावे लागते, असे एक पालक मला म्हणाले होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ते पूर्ण खरे नाही, आणि का नाही ते आता सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला सांगितले, की प्रत्येकाने एक वेगळी वही करावी आणि तिच्यात आयुष्यात करायच्या निदान दहा गोष्टी लिहाव्यात. मार्क नाहीत, तपासणी नाही, शुद्धलेखनाच्या लाल खुणा नाहीत. ज्याला दाखवायची असेल त्याने दाखवावी. निम्म्या वर्गाने दाखवली. वाचताना जे दिसले ते गोडार्डच्या यादीच्या अगदी उलट होते. त्याच्या यादीत स्वतःखेरीज दुसऱ्या कोणासाठी करायचे फार थोडे आहे. आमच्या मुलांच्या याद्यांत दुसऱ्यांखेरीज काही नव्हते! एका मुलाची यादी मला पाठ आहे. घरावर स्लॅब घालणे. मोठ्या बहिणीचे लग्न. अब्बांचे सौदीतले काम सुटून ते घरी येणे. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन. दादीला उमरा. काकांचे पैसे परत करणे. अशी नऊ कलमे, आणि दहावे कोरे.

पंधरा वर्षांच्या पोराने हे लिहावे याचा अभिमान वाटतो, आणि काळजीही वाटते. मी त्याला म्हणालो, "बेटा, हे सगळे राहू दे, एकही खोडू नकोस. पण दहावे तुझे स्वतःचे लिही." त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याने लिहून आणले : गुरूचे चंद्र पाहणे.

आता गंमत पाहा. नऊ कलमांपैकी एकही त्याच्या हातात नव्हते. कोणाला पैसा लागणार, कोणाला वर्षे लागणार, एक तर सौदीतल्या मालकाच्या मर्जीवर. दहावे मात्र आमच्या हातात होते. चष्म्याच्या दुकानातून एक नंबर अधिकचे गोल भिंग घेतले. त्याचे केंद्रांतर एक मीटर असते. शाळेच्या प्रयोगशाळेतले पाच सेंटीमीटर केंद्रांतराचे बहिर्गोल भिंग डोळ्याजवळ लावले. शंभराला पाचाने भागले की वीस. वस्तू वीस पट मोठी दिसणार. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा आत काळा रंगवला, आणि पुढच्या भिंगावर मधोमध रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडलेला काळा पुठ्ठा बसवला, कारण असे साधे भिंग कडेने रंग फाकवते. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण एवढ्याच शक्तीच्या दुर्बिणीतून. पाइप हातात धरून काही दिसत नाही, सगळे थरथरते. म्हणून तो खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. पहिल्या रात्री ढग होते. दुसऱ्या रात्री त्या मुलाने तासभर धडपड केली आणि मग काही न बोलता बाजूला झाला व मला जागा दिली. गुरूची बारकी तबकडी आणि तिच्या दोन्ही अंगांना एका रेषेत तीन ठिपके. चौथा त्या वेळी गुरूच्या मागे किंवा पुढे असावा. मुलगा पुढचे आठ दिवस रोज रात्री ठिपक्यांच्या जागा वहीत काढत होता. चौथा त्याला तिसऱ्या दिवशी सापडला.

त्याच्या घराला अजून स्लॅब पडलेला नाही. वडील अजून सौदीतच आहेत. तो आता पॉलिटेक्निकला आहे, आणि त्याच्या वहीत वीसहून अधिक कलमे झाली आहेत. म्हणून मी म्हणतो, की पोट भरल्यावर यादी करू असे म्हणू नये. स्वतःच्या हातातले एक तरी कलम असले, तर बाकीच्यांची वाट पाहणे माणसाला जड जात नाही.

आता एका पालकांची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव घेत नाही. ते कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आले होते. एके दिवशी मुलीची वही हातात घेऊन शाळेत आले आणि स्टाफरूममध्ये माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"सर, हे तुम्ही लिहायला सांगितले?"

वहीत लिहिले होते : एकटीने एस. टी.ने रत्नागिरीला जाऊन येणे.

"लिहायला मी सांगितले, चाचा. काय लिहायचे ते तिचे तिने ठरवले."

"पोरीने एकटीने कशाला जावे? आम्ही मेलो काय?"

मी त्यांना चहा दिला आणि म्हटले, "खालच्या दोन ओळीही वाचा." माझी पद्धत अशी आहे, की प्रत्येक कलमाखाली 'कशासाठी' ते दोन ओळींत लिहायचे. तिने लिहिले होते, की अब्बा कुवेतला असतात. प्रत्येक फॉर्मला, प्रत्येक दाखल्याला मामूला दुकान बंद करून सोबत यावे लागते. मामूला जमले नाही म्हणून आपाची कॉलेजच्या प्रवेशाची तारीख गेली आणि तिचे शिक्षण तिथेच थांबले. माझे तसे होऊ नये.

त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. थोरल्या मुलीचे शिक्षण का थांबले याचे खरे कारण त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. फोनवर सगळे 'खैरियत आहे' एवढेच सांगत आले होते. ते उठून गेले. मला वाटले प्रकरण संपले. पण पुढच्या सोमवारी ती मुलगी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला निघाली, आणि वडील त्याच गाडीत शेवटच्या बाकावर बसले! मुलीला ते ठाऊक होते. कंडक्टरलाही ठाऊक होते. जाऊन आल्यावर ती खूण करू का म्हणून विचारायला आली. मी म्हणालो, ही अर्धी खूण. पुरी खूण पुढच्या महिन्यात झाली, वडील कुवेतला परत गेल्यानंतर, त्यांच्याच सांगण्यावरून. ती आज बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मी त्यांना त्या दिवशी सहज विचारले होते, की चाचा, पंधराव्या वर्षी तुम्ही काय लिहिले असते? तेव्हा ते काही बोलले नाहीत. कुवेतला गेल्यावर मात्र त्यांनी मुलीच्या फोनवर एक ओळ पाठवली आणि ती सरांना दाखव म्हणून सांगितले : सलग एक वर्ष, दोन्ही ईद धरून, घरी राहणे. मित्रहो, आपल्या किती घरांत हे एक कलम न लिहिलेले पडून असेल!

आपल्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात, की इतके मनसुबे कशाला, नशिबात असेल ते होईल. त्यांच्या श्रद्धेचा मी पूर्ण आदर करतो. परंतु उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवणही त्यांनीच आपल्याला दिली आहे. आणि दिवसाच्या शेवटी स्वतःचा हिशोब स्वतः घेणे, ज्याला मुहासबा म्हणतात, ही काही पाश्चात्त्यांची आयात नव्हे. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी त्यावर सविस्तर लिहिले आहे. पुढे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या छापखानेवाल्याने तरुणपणी एक वही केली आणि तिच्यात तेरा गुण लिहिले. मितभाषण, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग वगैरे. आधी बाराच होते. एका मित्राने त्याला सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. म्हणून त्याने तेरावा, नम्रता, वाढवला. प्रत्येक आठवड्याला एक गुण मुख्य धरायचा, चुकले की त्या दिवसाच्या चौकोनात काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. व्यवस्थितपणाने त्याला सर्वांत जास्त छळले आणि तो शेवटपर्यंत पुरता साधला नाही, असे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. जे विद्यार्थी कंपासपेटीत पट्टी कधी ठेवत नाहीत त्यांनी धीर धरायला हरकत नाही.

कोणी विचारील, की कलम हुकले तर काय? डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या मनात वैमानिक व्हायचे होते. पदवीनंतर ते हवाई दलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले. पंचवीस उमेदवार, जागा आठ. कलामांचा नंबर नववा. पुढचे सर्व आपणांस ठाऊक आहे. अग्निबाण, क्षेपणास्त्रे, राष्ट्रपतिपद. परंतु ८ जून २००६ रोजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या वयात, पुण्याच्या लोहगाव तळावरून ते सुखोई-३० या लढाऊ विमानात बसून आकाशात गेले, हे मुलांना मी मुद्दाम सांगतो. राष्ट्रपती झालेला माणूस ते जुने कलम विसरला नव्हता.

आणि डॉ. सालिम अली यांचे उदाहरण मला त्याहूनही जवळचे वाटते, कारण ते आपल्या किनाऱ्यावरचे आहे. जन्म मुंबईचा, १८९६ चा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. पक्ष्यांचे वेड होते, पण रीतसर पदवी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिसंशोधन खात्यातील जागा मिळू शकली नाही. १९३० साली हातात पक्की नोकरी नाही अशा स्थितीत ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले, आणि तिथल्या सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस शिडीवर बसून पाहिली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते. आणि मग तोच नर दुसरे घरटे सुरू करतो. हे त्यांनी तिथे उलगडून दाखवले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर केलेल्या दहा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला आणि शेवटचा १९७४ साली, सालिम अली अठ्ठ्याहत्तरीला टेकले असताना. हिमालयातील डोंगरी लाव्याचा शोधही त्यांनी घेतला. हा पक्षी १८७६ नंतर कोणी खात्रीने पाहिलेला नाही. सालिम अलींना तो सापडला नाही. १९८७ साली ते वारले. तो लावा आजही सापडलेला नाही. म्हणजे ते कलम अजून रिकामे आहे आणि आपल्यापैकी कोणीही ते घेऊ शकतो.

माझ्या स्वतःच्या यादीविषयी मुले नेहमी विचारतात, म्हणून थोडे सांगतो. बी. एड.ला असताना मी ती केली. तेव्हा तीस कलमे होती, आज एकेचाळीस आहेत, खुणा सतरा. माझे शिक्षण पहिलीपासून मराठीतून झाले. माझ्या आजोबांनी बोटीवरून आजीला पाठवलेली पत्रे घरी पत्र्याच्या पेटीत होती, आणि ती उर्दू लिपीत होती. घरात ती वाचणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा 'उर्दू वाचायला शिकून आजोबांची पत्रे वाचणे' हे माझे चौथे कलम. दीड वर्ष लागले, कारण छापील उर्दू वेगळे आणि घाईत लिहिलेले हस्ताक्षर वेगळे. पत्रांत काय होते? पैसे मिळाले का, छपराची कौले शाकारली का, धाकट्याला मदरशात आणि शाळेत दोन्हीकडे घाला. एका पत्रात मोम्बासा बंदरातल्या आंब्यांची आणि आपल्या आंब्यांची तुलना होती, आणि अर्थातच आपला जिंकला होता! 'मुंबईत स्वतःचे घर' हे कलम मी काही वर्षांपूर्वी खोडले, कारण आता ते नको आहे. खोडलेल्या ओळीशेजारी तारीख घातली. एम. ए. बाकी आहे. नाईल पाहणेही बाकी आहे. कयाकमधून नको, काठावर उभे राहून पाहिली तरी चालेल.

पालकांना एक विनंती. मुलाची वही त्याने दाखवली तर पाहावी, न विचारता उघडू नये. त्या कुवेतच्या चाचांनी ती उघडली आणि निष्पन्न चांगले झाले, हा योगायोग. दुसरी विनंती अशी, की दहावीच्या वर्षी यादी बंद ठेवायला लावू नये. अभ्यासाच्या नावाखाली पोहणे, वाचन, सायकल, सगळे दोन वर्षे बंद करणारी घरे मी पाहतो. त्यांच्या मुलांचे मार्क इतरांपेक्षा वाढलेले मला तरी दिसले नाहीत. आणि मातांनी असे समजू नये, की वही फक्त मुलांची. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या यादीत 'अम्मीला सही करायला शिकवणे' असे कलम होते. डिसेंबरच्या प्रगतिपुस्तकावर अंगठ्याऐवजी सही आली. मी ती वर्गशिक्षक म्हणून पाहिली आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायला मला थोडा वेळ लागला.

संस्थेने या वर्षी आठवी ते दहावीसाठी अशा कोऱ्या वह्या छापून घेतल्या आहेत. दर पानावर एकच कलम मावेल अशी आखणी आहे : वर कलम, खाली 'कशासाठी', त्याखाली पहिली पायरी, आणि कोपऱ्यात दोन तारखा, लिहिल्याची आणि झाल्याची. विद्यार्थ्यांना त्या वर्गातच मिळतील. पालकांसाठी पन्नास वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी उद्या सकाळी अकरापासून कार्यालयात शिपाईमामांकडे मागाव्यात. पैसे नाहीत, फक्त रजिस्टरवर सही लागेल. ज्यांना सही येत नाही त्यांनीही यावे. ती शिकवायला दहावी 'ब'च्या चार मुली तिथेच बसणार आहेत.

खुदा हाफिज.